सरासरी पाऊस आणि तहानलेली पऱ्हाटी

"तुमच्या मंडळात सरासरीइतका पाऊस झालेला आहे. मग कपाशी वाळली कशी?"

तालुक्याच्या कचेरीत हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. विचारणाऱ्या साहेबांच्या पुढ्यात आकड्यांचा कागद असतो, आपल्या हातात उपटून आणलेले एक झाड असते. कागद बोलतो, झाड बोलत नाही. आपणही "साहेब, एकदा वावरात येऊन बघा" यापलीकडे काही बोलू शकत नाही. साहेब येतात ते दिवाळी आटोपल्यावर. तोवर जे व्हायचे ते ऑगस्टमध्येच होऊन गेलेले असते, आणि पऱ्हाटीला जी काय दहा-बारा बोंडे टिकली असतील त्यांच्याकडे बोट दाखवून साहेब म्हणतात, "पीक तर उभे आहे की!"

म्हणून या बैठकीच्या अंकात आम्ही भावाबद्दल, कर्जाबद्दल किंवा आयातीबद्दल लिहिलेले नाही. झाडात पाणी वर कसे चढते, यावर लिहिले आहे. हे तर शाळामास्तरांचे काम, असे काही वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटत होते. पण साहेबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर झाडाच्या खोडात दडलेले आहे, आणि ते आपल्याला नीट सांगता येत नाही म्हणून आपण दरवेळी गप्प बसून परत येतो.

सुरुवात आपल्या विहिरीपासून करू. विहिरीच्या काठावर इंजिन बसवले आणि पाणी खोल गेले की इंजिन कितीही जोरात चालवा, पाणी चढत नाही. मग इंजिन खाली उतरवावे लागते, कपारीत खाच करून बसवावे लागते. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पंप नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन ते नळीत वर ढकलते. बाहेरच्या हवेचा जोर १० मीटरच्या थोडा पुढे संपतो. प्रत्यक्षात तर वीस-पंचवीस फुटांतच दम लागतो. सतराव्या शतकात इटलीतील टॉरिसेलीने हे कोडे उलगडले, आणि तेव्हापासून जगातील कोणत्याही कारखान्याला ही मर्यादा ओलांडणारा ओढपंप करता आलेला नाही.

आता धुऱ्यावरच्या सावरीकडे मान वर करून पाहा. तिच्या शेंड्यावरचे पान हिरवेगार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या जंगलात रेडवूडची झाडे ११५ मीटरपर्यंत वाढलेली आहेत आणि त्यांच्याही शेंड्याला पाणी पोचते. तिथे इंजिन नाही, डिझेल नाही, रात्री बारा वाजता येणारी वीज नाही. मग पाणी चढवतो कोण?

या प्रश्नावर हुशार माणसांनी दोनशे वर्षे डोके खाजवले आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने साडेतीन फुटी सूर्यफुलाची कुंडी वरून झाकून दिवसरात्र तराजूत तोलली आणि १७२७ च्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला की आकारमानाच्या तुलनेत सूर्यफूल माणसापेक्षा १७ पट जास्त पाणी शोषते. काहींना वाटले की मुळे पाणी खालून ढकलत असतील. यात थोडे तथ्य आहे. पहाटे ज्वारीच्या पानाच्या टोकाला जो थेंब लोंबताना दिसतो त्याला आपण सरसकट दंव म्हणतो. पण टोकावरचा तो टपोरा थेंब बहुधा मुळांनी रात्रभर ढकललेलाच असतो. मात्र हा दाब हवेच्या दाबाच्या एक-दोन पटींपलीकडे जात नाही आणि भर दुपारी, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा तो नसतोच. दुसऱ्यांना वाटले की कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे बारीक नळ्यांतून पाणी चढत असेल. पण झाडातल्या नळ्यांच्या जाडीचा हिशेब केला तर असे पाणी मीटरभरही चढत नाही.

तिसरा पक्ष म्हणत होता की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारखा ठोका देऊन पाणी वर पोचवतात. आपले जगदीशचंद्र बसू याच मताचे होते. १९२३ मध्ये त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. बसूंची उपकरणे आणि त्यांचे हात असे होते की जगाने तोंडात बोट घालावे, पण या एका बाबतीत त्यांचे म्हणणे टिकले नाही. जर्मनीत बॉन येथील स्ट्रासबुर्गर याने त्याआधीच, १८९१ मध्ये, एक आडदांड प्रयोग करून ठेवला होता. २० मीटरहून उंच ओक त्याने बुंध्याशी कापला आणि कापलेले टोक जहाल विषाच्या द्रावणात बुडवले. विष खोडातल्या पेशी मारत वर चढत गेले. पेशी मेल्या तरी चढतच राहिले. ते थांबले पाने मेल्यावर.

या प्रयोगातच उत्तर आहे. खोड हा पंप नाही. खोड नुसता पाइप आहे, आणि तोही मेलेल्या पेशींचा. पंप वर आहे, पानात. १८९४ मध्ये आयर्लंडमधील डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी हे सूत्र मांडले. पुढे त्यावर बरीच भांडणे झाली, पण मूळ गोष्ट आजवर टिकून आहे.

गोष्ट अशी. पानाला डोळ्यांना न दिसणारी हजारो तोंडे असतात. पुस्तकात त्यांना रंध्रे म्हणतात. उन्हात ही तोंडे उघडली की आतल्या ओल्या पेशींमधून वाफ बाहेर पडते. पेशींच्या भिंती अतिशय बारीक जाळीच्या असतात. तिथले पाणी उडाले की मागचे पाणी जाळीत ओढले जाते. पाण्याचा कण पाण्याच्या कणाला घट्ट धरून असतो. बारीक आणि बंद नळीत, मधे हवा नसेल, तर पाणी दोरासारखे ताणता येते आणि तुटत नाही. वर एक कण उडाला की पानाच्या शिरेतला, देठातला, खोडातला, मुळातला आणि शेवटी मातीतला कण हलतो. विहिरीतला पोहरा वर येतो तो खालून कोणी ढकलतो म्हणून येत नाही; दोर वर ओढला जातो म्हणून येतो. इथे दोर पाण्याचाच आहे आणि ओढणारे ऊन आहे.

खात्री करायची असेल तर पुरावाही आहे. पाणी खालून दाबाने ढकलले जात असते तर दुपारी खोड फुगले असते. बारीक मापकाने मोजले तर उलट दिसते: ऊन चढले की खोड केसभर आत ओढले जाते आणि रात्री पुन्हा भरते. १९६५ मध्ये अमेरिकेतील शोलँडर आणि त्याच्या साथीदारांनी ही ओढ मोजायची सोपी युक्ती काढली. ताजी तोडलेली डहाळी बंद भांड्यात ठेवायची, कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि भांड्यात हवा दाबत जायचे. कापताना आत ओढले गेलेले पाणी ज्या दाबाला पुन्हा टोकाशी येते, तेवढीच झाडात ओढ होती असे धरायचे. उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी मिळेना तेव्हा या मंडळींनी नेमबाज बोलावून बंदुकीने पाडली. संशोधनात असेही उद्योग करावे लागतात.

आता ऊन आपल्या वावरात किती काम करते त्याचा हिशेब घ्या. पाने मिळून रान झाकले आहे आणि कडक ऊन आहे अशा दिवशी कपाशीच्या पिकातून आणि खालच्या मातीतून मिळून ५ मिलिमीटर पाणी सहज उडते. एका एकरावर १ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे दिवसाला २०,००० लिटर, ५,००० लिटरचे चार टँकर, एकरी, रोज. एवढ्या पाण्याची वाफ करायला जी शक्ती लागते ती महावितरणच्या मीटरवर मोजली तर १३,००० युनिटांच्या वर जाते. एका एकराचे एका दिवसाचे! वरचा फुकटा असे आपल्याला म्हणणाऱ्यांनी हे बिल कधी पाहिलेले नाही.

एवढे पाणी झाड उडवते तरी कशाला? ओढलेल्या पाण्यातले शंभरातले एक-दोन भागच झाडाच्या अंगी राहतात, बाकी हवेत जाते. ही उधळपट्टी नाही, हा सौदा आहे. झाडाचा घास हवेत आहे. ज्या वायूपासून सरकी, रुई, कणीस, कडबा सगळे बनते तो आत घ्यायचा तर तोंड उघडावे लागते, आणि तोंड उघडले की आतली ओल बाहेर जाते. हा सौदा प्रत्येक पीक वेगळ्या भावाने करते. अमेरिकेत कोलोरॅडोमधील अ‍ॅक्रन येथे ब्रिग्ज आणि शँट्झ या दोघांनी १९११ ते १९१३ या काळात कुंड्या तोलून हिशेब काढला. एक किलो सुके अंग तयार करायला ज्वारीने ३२२ किलो पाणी उडवले, कापसाने ६४६ किलो. आकडे हवामानाप्रमाणे बदलतात, पण दुपटीचा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्वारी कोरडवाहूची राणी का, ते आपल्या आजोबांना कुंड्या न तोलताच कळले होते.

इथपर्यंत वरच्या ओढीची गोष्ट झाली. पण दोराचे दुसरे टोक मातीच्या मुठीत आहे, आणि साहेबांच्या कागदात नेमके हेच टोक नाही.

पावसानंतर दोन-तीन दिवसांनी, जास्तीचे पाणी निथरून वाफसा आला की माती पाणी सैल धरते. मूळ ओढते, माती देते. जसजशी ओल कमी होते तसतशी माती मूठ आवळते. शेवटी ओढ हवेच्या दाबाच्या सुमारे १५ पट लागते आणि बहुतेक पिके तिथे हात टेकतात. मोटारीच्या टायरात दोन-अडीच पट दाब असतो, त्यावरून अंदाज घ्या. पाण्याच्या उंचीत मोजले तर ही ओढ १५० मीटर होते. चार फुटांची पऱ्हाटी कोरड्या मातीतून पाणी काढताना रेडवूडच्या उंचीपेक्षा जास्त भार ओढत असते. ती फक्त चार फूट आहे म्हणून तिची मेहनत कुणाला दिसत नाही.

आपल्या काळ्या जमिनीची तऱ्हा आणखी वेगळी. ती श्रीमंत आहे आणि कंजूषही. मीटरभर खोल भारी जमीन पिकाला घेता येईल असे १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठवते. पण तिचे बारीक कण उरलेले पाणी असे धरून बसतात की शंभर किलो मातीत वीस किलो पाणी असतानाही कपाशी कोमेजू शकते. ढेकूळ हातात घ्या, थंड लागते, ओले लागते. झाडाला मात्र त्यातले काही मिळत नाही. "जमिनीत ओल आहे" असा शेरा पंचनाम्यात लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

आणि शेजारीच बरड आहे. वीत-दीड वीत माती, खाली मुरूम. तिथे फार तर २५-३० मिलिमीटर साठते. रोजचे ५ मिलिमीटर धरले तर भारी जमीन महिनाभर तग धरते आणि बरड पाच-सहा दिवसांत रिकामी होते. पीक ताणाला लागले की तोंडे आवरते, त्यामुळे प्रत्यक्षात दिवस काही वाढतात. पण प्रमाण तेच राहते. एकाच मंडळात, एकाच पर्जन्यमापकाखाली, एकाच आकड्याच्या पावसात एकाची कपाशी डोलते आणि दुसऱ्याची करपते. त्यात शंभर मिलिमीटर पाऊस एका रात्रीत पडला तर बरडावरून तो वाहून नाल्याला जातो. मापकाच्या बाटलीत मात्र तो पूर्ण भरतो.

ओढ फार वाढली की दोर तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बाद होते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडाच्या वाळत्या पानाला संवेदक लावून हे तुटणे कानांनी ऐकले, बारीक टिकटिक. २०२३ मध्ये इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या झाडांचे असे आवाज काही अंतरावरून, हवेतून टिपले. पाणी न दिलेले झाड तासाला ३० ते ५० वेळा टिकटिकत होते, पाणी दिलेले जवळजवळ गप्प होते. माणसाच्या कानाला हा आवाज ऐकू येत नाही. कचेरीला तर आपलाही येत नाही, तिथे झाडाचा काय येणार!

दोर तुटू नये म्हणून प्रत्येक पिकाचा आपापला उपाय असतो. ज्वारी पाने गुंडाळून घेते, पानांवर आणि खोडावर पांढरा मेणासारखा थर धरते आणि वाट पाहत थांबते. पाऊस आला की पुन्हा हलते. मात्र पोटरीत असताना ताण बसला तर कणीस नीट बाहेर पडत नाही, आणि रब्बीत दाणे भरताना ओल संपली तर खोड पोकळ पडून खडखड्या लागतो. कपाशीचा उपाय निष्ठुर आहे. ती आधी पोरे टाकून देते. पाती गळतात, मग कोवळी बोंडे. झाड वाचते, हिरवे राहते, नंतरच्या पावसावर पुन्हा फुटतेही. आणि दिवाळीनंतर आलेल्या साहेबांना तेच हिरवे झाड दिसते.

आता ज्या प्रकरणाने हा लेख लिहायला भाग पाडले ते सांगतो. पंधरा-वीस दिवसांचा खंड, कडक ऊन, पऱ्हाटी पात्या-बोंडांनी लदलेली, आणि मग एकदम मोठा पाऊस. किंवा खंडाला घाबरून कोणी विहिरीचे पाणी भरपूर सोडले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाण्यात उभी असलेली झाडे माना टाकतात. पाने लोंबतात, पिवळी-तांबडी होतात, गळतात. हिलाच आकस्मिक मर म्हणतात. शेतकरी घाबरून दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, मर रोग आहे, आणि सर्वांत महागाचे बुरशीनाशक काउंटरवर ठेवतो. आमच्या ओळखीच्या किती घरांत असे हजारो रुपये एका हंगामात गेले, त्याची मोजदाद नाही. आम्हीही एका वर्षी असेच दोन डबे आणले होते.

ही बुरशी नाही. जमिनीतल्या हवेच्या जागी पाणी भरले की मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळाच्या पेशी पाणी आत घेण्याची आपली दारे मिटून घेतात. वर ऊन ओढतेच आहे, खाली दार बंद आहे. झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. ज्या संकरित वाणांना एकाच वेळी बोंडांचा भार जास्त येतो त्यांच्यावर हे जास्त दिसते, कारण वरची मागणीही तेवढीच मोठी.

ओळखायचे सोपे आहे. माना टाकलेले झाड उपटा. मुळाची साल सडून सोलून निघत असेल तर ती मूळकूज. खोड उभे चिरा. आत तपकिरी-काळपट रेघा असतील तर बुरशीची मर, आणि ती आपल्याकडे मुख्यतः देशी कपाशीवर येते. मुळे शाबूत, खोड आतून स्वच्छ पांढरे आणि तरी झाड मान टाकून असेल, तर बुरशीनाशकाचा डबा दुकानातच राहू द्या. आधी पाणी काढा, चर मारा, वाफसा येताच डवरा फिरवा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने लक्षणे दिसताच पहिल्या एक-दोन दिवसांत कोबाल्ट क्लोराइडची १० पीपीएम, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम, एवढी सौम्य फवारणी सांगितलेली आहे. पूर्ण सुकलेले झाड तिनेही उठत नाही. आणि ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी खंडात एकदम रान भरून देऊ नये. एक आड एक सरी, थोडे थोडे द्यावे.

कोरडवाहूवाल्याच्या हातात दोराची दोन्ही टोके नाहीत. ऊन आवरता येत नाही, पाऊस बोलावता येत नाही. मधे जे करता येते ते आपले जुनेच आहे. "एक कोळपणी, अर्धे पाणी" ही म्हण उगाच पडलेली नाही: भेगा बुजतात, आणि मुख्य म्हणजे तण मरते. तणाचे प्रत्येक रोप हा आपल्या विहिरीवर शेजाऱ्याने चोरून बसवलेला पंप आहे. शेवटच्या डवरणीला डवऱ्याच्या जानोळ्याला दोर गुंडाळून दोन ओळींत सरी पाडली तर पुढचा पाऊस तिथेच मुरतो. मुरलेला वाहून गेलेल्यापेक्षा बरा, एवढे पुरे. पानांची तोंडे बंद करणारी औषधे हल्ली पुष्कळ येतात. ती घेताना वर सांगितलेला सौदा आठवावा. तोंड मिटले की घासही बंद होतो. मरणारे पीक आठ दिवस तगवायचे असेल तर त्यांचा उपयोग आहे, उत्पन्न वाढवायला नाही.

आता सरकारकडे वळू. जमिनीतली ओल मोजली पाहिजे हे सरकारला माहीत नाही असे नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाचा खंड, पिकाची स्थिती आणि जमिनीतील ओलावा हे सगळे निकष लिहिलेले आहेत, आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये ती पद्धत स्वीकारली. कागद उत्तम आहे. पण २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. तोपर्यंत पऱ्हाटीने गाळायचे ते गाळून टाकलेले होते.

विम्याचे त्याहून वाईट. हंगामाच्या मधेच खंड पडून निम्म्याहून जास्त उत्पन्न जाणार असे दिसले तर भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यायची तरतूद होती. तिच्यातही पळवाटा होत्या, तिच्यासाठीही मोर्चे काढावे लागत. पण निदान ऑगस्टचे दुःख ऑगस्टमध्ये मांडायला एक खिडकी होती. २०२५ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला आणि त्याबरोबर ही खिडकीही बंद करून सगळा हिशेब पीक कापणी प्रयोगावर ठेवला. कापणी प्रयोग मंडळाची सरासरी काढतो. भारी जमिनीतले दहा क्विंटल आणि बरडावरचे दोन क्विंटल यांची सरासरी सहा येते, आणि दोन क्विंटलवाला सहा पिकवणारा ठरतो. मापकाने पावसाची सरासरी काढायची, प्रयोगाने पिकाची काढायची, आणि या दोन सरासऱ्यांच्या मधे बरडवाला चिरडायचा, असा हा कारभार आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळात पर्जन्यमापकाबरोबर ओल मोजण्याच्या किमान दोन जागा ठेवा, एक भारी जमिनीत आणि एक बरडावर. हात-सव्वा हात खोलीवरची ओल दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. बरडावरची ओल पिकाच्या हाताबाहेर गेली की त्या दिवसापासून खंड मोजायला सुरुवात करा. आभाळातून थेंब पडला की नाही, यावर नाही. २.५ मिलिमीटरची एक सर येते, मातीचे तोंडही ओले होत नाही, आणि कागदावरचा खंड तुटून जातो, हे यापुढे चालणार नाही.

सरकार हे करेपर्यंत आपण हात बांधून बसायचे कारण नाही. झाड स्वतःच ओल मोजते, फक्त ते पाहायची वेळ कळली पाहिजे. दुपारी कुठलीही पऱ्हाटी मान टाकते. वरची ओढ खालच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झाली एवढाच त्याचा अर्थ. रात्री ऊन नाही, ओढ नाही, झाड मातीशी हिशेब मिटवून घेते. म्हणून झाड पाहायचे ते सूर्य उगवण्याच्या आधी. पहाटेही पाने लोंबलेली असतील तर माती रिकामी झाली आहे. ती तारीख लिहून ठेवा.

प्रत्येक गावशाखेने येत्या मृगापासून एक वही घालायची आहे. भारी, मध्यम आणि बरड अशी तीन वावरे निवडा. पाऊस पडला ती तारीख, पहार मारून ओल किती वितींवर लागते ते, पहाटे पाने न सावरलेली पहिली तारीख, आणि दर आठ दिवसांनी ठरलेल्या दहा झाडांवरची पाती व बोंडे, एवढेच लिहायचे. लिहिण्याचे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडे दिले तरी चालेल, बहुधा तीच नेमाने करील. पानाखाली शेतकऱ्याची, तीन शेजाऱ्यांची आणि जमल्यास कृषी सहायकाची सही घ्यावी. सही द्यायला नकार मिळाला तर नकाराची तारीखही लिहावी. पोळ्यानंतरच्या जिल्हा बैठकीला सगळ्या वह्या सोबत आणायच्या आहेत. तिथून त्या घेऊन आपण एकत्र कचेरीत जाणार आहोत. वहीचा नमुना शेवटच्या पानावर छापला आहे.